द्राक्षाची गोडी मोजताना : मीटर, आंबटपणा आणि प्रयोगशाळेचा अहवाल

जानेवारी उजाडला की निफाड, दिंडोरी, ओझर, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यातून दरवर्षी तेच प्रश्न येतात. आमच्या मीटरवर अठरा दिसतंय, व्यापाऱ्याच्या मीटरवर सोळा. खरं कोणतं धरायचं? ब्रिक्स सतरा आहे, तरी माल आंबट का लागतो? तोडून दोन दिवस ठेवला तर गोडी वाढेल का? प्रयोगशाळेच्या अहवालात टीएसएस १८ आणि शर्करा १६.५ आहे, मग दीड टक्का गेली कुठे? आणि बागायतदारांच्या घरातली, विज्ञान शाखेत शिकणारी मुले विचारतात : कॉलेजात करतो त्या बेनेडिक्टच्या चाचणीत घरचा रस घातला तर काही उपयोगाचे कळेल का?

या साऱ्या गोंधळाचे मूळ एकच आहे. प्रत्येक चाचणी एका ठरावीक प्रश्नाचे उत्तर देते आणि आपण तिच्याकडून दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर मागतो. वर्षभराच्या कष्टाचा भाव त्या एका आकड्यावर ठरत असेल, तर तो आकडा कशाचा आहे हे तुम्हाला व्यापाऱ्याइतकेच नीट माहीत असायला हवे.

निर्णयापुरते रसायन

साखर, स्टार्च, पेक्टिन, सेल्युलोज ही सगळी कर्बोदके. त्यांचे तीन गट लक्षात ठेवा.

- एकशर्करा : ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. पिकलेल्या द्राक्षातली जवळजवळ सगळी साखर म्हणजे या दोघी, आणि त्याही साधारण सारख्या प्रमाणात.
- द्विशर्करा : सुक्रोज, म्हणजे उसाची आपली रोजची साखर. पानात तयार झालेली साखर घडाकडे सुक्रोजच्या रूपातच जाते. पण मण्यात पोचल्यावर इन्व्हर्टेज नावाचे विकर तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विभाजन करते. म्हणून पिकलेल्या मण्यात सुक्रोज फारच थोडे सापडते.
- बहुशर्करा : स्टार्च, सेल्युलोज, पेक्टिन. वेल आपला स्टार्चचा साठा काडीत, खोडात आणि मुळात ठेवतो. पिकणाऱ्या मण्यात असा साठा नसतो.

शेवटच्या वाक्यात एका मोठ्या प्रश्नाचे उत्तर आहे. कच्च्या केळ्यात भरपूर स्टार्च असतो आणि तोडल्यानंतर त्याची साखर होते, म्हणून केळे घरात पिकते. द्राक्षाच्या मण्यात साखर होण्याजोगे काहीच शिल्लक नसते. तोडलेले द्राक्ष पुढे गोड होत नाही. ठेवल्यावर मणी थोडे सुकले, तर उरलेल्या रसात साखर दाट दिसेल. पण मण्यात नवी साखर आलेली नसते, तुमचे वजन मात्र घटलेले असते.

कोणता प्रश्न, कोणती चाचणी?

- माल तोडणीला आला का? — ब्रिक्स आणि आम्लता, दोन्ही.
- रसात नेमकी साखर किती? — प्रयोगशाळेतील क्षपणक शर्करेची (ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मिळून) चाचणी.
- ग्लुकोज किती आणि फ्रुक्टोज किती? — एचपीएलसी यंत्र.
- साखर कोणत्या प्रकारची? — बेनेडिक्ट, बारफोड, सेलिवानॉफ या परीक्षानळीतल्या चाचण्या.
- काडीत साठा आहे का? — आयोडीन.
- औषधांचे अवशेष आहेत का? — ही चाचणी पूर्णपणे वेगळी. युरोपच्या निर्यातीसाठी ग्रेपनेटमधून होणारी अवशेष तपासणी गोडीबद्दल काही सांगत नाही.

पहिली पायरी : नमुना प्रामाणिक घ्या

दोन मीटरच्या आकड्यांत फरक पडतो तो बहुतेक वेळा नमुन्यामुळे. एकाच घडात वरच्या पाकळ्यांतले मणी जास्त गोड आणि शेंड्याचे मणी कमी गोड असतात. बागायतदार नकळत वरचा पिवळसर मणी उचलतो, घेणारा टोकाचा हिरवा मणी दाबतो. दोघांचेही आकडे त्या-त्या मण्यापुरते खरे असतात, प्लॉटबद्दल मात्र दोन्ही फसवे.

१. बांधालगतच्या ओळी आणि ओळीच्या टोकाची झाडे सोडा.
२. प्लॉटमधून तिरपे चालत वेगवेगळ्या झाडांवरून निदान शंभर मणी घ्या.
३. घडाचा वरचा, मधला आणि शेंड्याचा भाग, तसेच उन्हाची आणि सावलीची बाजू यांतून सारखे मणी येऊ द्या.
४. सगळे मणी एकत्र चिरडा, रस गाळा, ढवळा आणि मगच थेंब घ्या.
५. दरवेळी सकाळी एकाच सुमारास नमुना घ्या. पाऊस झाला असेल किंवा मण्यांवर दव असेल तर आधी मणी कोरडे करा. भरपूर पाणी दिल्यावर लगेच मोजणी करू नका.
६. हलक्या आणि भारी जमिनीचे तुकडे वेगळे मोजा. दोन्हींची सरासरी काढली तर एकही तुकडा नीट कळत नाही.

दुसरी पायरी : मीटर नीट लावा

रिफ्रॅक्टोमीटर रसातून जाणारा प्रकाश किती वळतो ते पाहतो. रसात जितके पदार्थ विरघळलेले, तितका प्रकाश जास्त वळतो. त्याची पट्टी सुक्रोजच्या द्रावणावर आखलेली असते. १८ ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम रसात साधारण १८ ग्रॅम विद्राव्य घन पदार्थ. त्यात साखर सर्वांत जास्त. पण आम्ले, क्षार आणि इतर पदार्थही त्याच आकड्यात मोजले जातात. अहवालातला दीड टक्का इथेच असतो.

- काच मऊ ओल्या कापडाने पुसून कोरडी करा. आदल्या नमुन्याचा चिकट थर राहिला तर पुढचा आकडा वाढतो.
- डिस्टिल्ड पाण्याचा थेंब टाकून शून्य जुळवा. बोअरचे क्षारयुक्त पाणी यासाठी वापरू नका.
- रसाचा थेंब टाकल्यावर अर्धा मिनिट थांबा, म्हणजे रस आणि काच एका तापमानावर येतील.
- तीन वेळा मोजा आणि सरासरी लिहा.

तापमानाचा सापळा. पट्टी २० अंश सेल्सिअसला आखलेली असते. रस तापला की आकडा खरा असतो त्याहून कमी दिसतो. ३० अंशाला १८-२० ब्रिक्सच्या रसात हा फरक सुमारे ०.८ ब्रिक्स पडतो. फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी उन्हात तापलेल्या मीटरवर झालेला सौदा म्हणूनच तुमच्या तोट्याचा ठरू शकतो. तापमान आपोआप जुळवणारे मीटर असेल तर त्याची मर्यादा माहितीपत्रकात पाहा. अनेक साध्या मीटरांत ती १० ते ३० अंश असते. तशी सोय नसेल तर मीटर, पाणी आणि रस तिन्ही सावलीत एका तापमानाला आणून तिथेच शून्य जुळवा. बहुतेक फरक निघून जातो.

तिसरी पायरी : आंबटपणा मोजा

जिभेला जाणवते ती साखर आणि आम्ल यांची ओढाताण. मण्यात पाणी उतरले की साखर वाढू लागते आणि मॅलिक आम्ल घटू लागते. टार्टारिक आम्ल बरेचसे टिकून राहते. थंडीत मॅलिक आम्ल हळू जळते आणि साखरही हळू भरते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच अंशांच्या आसपास घसरतो, त्या दिवसांत निफाड परिसरातल्या बागा अडकल्यासारख्या का वाटतात, त्याचे हे एक कारण. १७ ब्रिक्सचा आंबट माल आणि १७ ब्रिक्सचा गोड माल यांत फरक असतो तो या आम्लाचा.

साधी पद्धत अशी :

१. गाळलेला रस अचूक १० मिलिलिटर घ्या, त्यात थोडे डिस्टिल्ड पाणी घाला.
२. फिनॉल्फ्थॅलिनचे दोन-तीन थेंब टाका.
३. ब्युरेटमधून ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने सोडा.
४. फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबा आणि किती मिलिलिटर लागले ते लिहा.
५. त्या आकड्याला ०.७५ ने गुणले की टार्टारिक आम्लाच्या हिशेबात दर लिटरमागचे ग्रॅम मिळतात.

उदाहरणार्थ, ८ मिलिलिटर लागले तर आम्लता लिटरला ६ ग्रॅम, म्हणजे ०.६ टक्के. ब्रिक्स १६.८ असेल तर गुणोत्तर १६.८ भागिले ०.६, म्हणजे २८. शरद सीडलेससारख्या काळ्या वाणात गुलाबी रंग ओळखू येत नाही. तिथे पीएच मीटर वापरून ८.२ पर्यंत थांबा. सोडियम हायड्रॉक्साइड त्वचा आणि डोळे जाळते. हातमोजे आणि चष्मा घाला, बाटलीवर नाव लिहा, लहान मुलांपासून दूर ठेवा आणि द्रावण तयार, प्रमाणित विकत घ्या.

किती आकड्याला तोडावे?

उत्तर माल कुठे जाणार यावर अवलंबून आहे.

- खाण्याचे द्राक्ष : कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकात निदान १६ ब्रिक्स अपेक्षित आहे. त्याहून कमी असेल तर गुणोत्तर पाहतात : १४ ते १६ दरम्यान निदान १८ : १ आणि १२.५ ते १४ दरम्यान निदान २० : १. म्हणजे १५ ब्रिक्स आणि ०.८ टक्के आम्लतेचा माल (गुणोत्तर १८.७५) बसतो, तोच ब्रिक्स ०.९ टक्के आम्लतेला (१६.७) बसत नाही. तुमच्या खरेदीदाराची अट याहून कडक असू शकते, ती आधी विचारा.
- बेदाणा : इथे साखर म्हणजे थेट वजन. १०० किलो रसदार मालात १८ ब्रिक्सला साधारण १८ किलो घन पदार्थ. १५ टक्के ओलावा धरला तर ढोबळ हिशेबाने सुमारे २१ किलो बेदाणा. २२ ब्रिक्सला तोच आकडा २६ किलोच्या जवळ जातो. तेवढाच डिपिंगचा आणि सुकवण्याचा खर्च, पण शंभर किलोमागे चार-पाच किलोंचा फरक. घाईने काढलेला माल शेडवर नेणे म्हणूनच महागात पडते.
- वाइन : ब्रिक्सला साधारण ०.५५ ने गुणले की संभाव्य अल्कोहोलचे प्रमाण कळते. २२ ब्रिक्सला सुमारे १२ टक्के. विंचूर वा दिंडोरीकडच्या वायनरीशी करार असेल तर ब्रिक्सबरोबर आम्लता आणि पीएचच्या अटीही वाचा. बुडबुड्यांच्या वाइनसाठी माल कमी ब्रिक्सला आणि जास्त आम्लतेला लागतो. किण्वन सुरू झाल्यावर रिफ्रॅक्टोमीटर वापरू नका. अल्कोहोलमुळे त्याचा आकडा चुकतो.

छाटणीआधी : काडीतला साठा

एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वाढलेली काडी पानांनी तयार केलेली साखर स्टार्चच्या रूपात साठवते. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतरची पहिली फूट याच साठ्यावर वाढते. नवी पाने कमावती होईपर्यंत दुसरा आधार नसतो. पावसाळ्यात डाऊनीने पाने गेलेल्या बागेत ही शंका येते, आणि तिची तपासणी सोपी आहे :

- पक्व काडीचा धारदार कात्रीने ताजा आडवा काप घ्या.
- त्यावर पोटॅशियम आयोडाइडमधील आयोडीनचे पातळ द्रावण लावा आणि दोन-तीन मिनिटांनी पाहा.
- गडद निळा-काळा रंग म्हणजे स्टार्च भरपूर. फिकट वा तपकिरी राहिला तर साठा कमी.

निरोगी दिसणाऱ्या प्लॉटची काडी शेजारी ठेवून तुलना करा. हा रंग प्रमाण सांगत नाही, दिशा सांगतो. साठा कमी दिसला तर छाटणीची तारीख, घडांची संख्या आणि पुढचे पोषण याबद्दल मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र किंवा तुमच्या भागातील कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्या.

विद्यार्थ्यांसाठी : परीक्षानळीत घरचा रस

पिकलेल्या द्राक्षाच्या रसात सुमारे वीस टक्के साखर असते. तसाच वापरला तर प्रत्येक चाचणी एकदम गडद येते आणि काही वाचता येत नाही. १ मिलिलिटर रस २० मिलिलिटरपर्यंत पातळ करा. शेजारी साध्या साखरेचे पाणी, ग्लुकोजचे पाणी आणि भाताची पेज ठेवा. तुलनेशिवाय रंगाला अर्थ नाही.

- मोलिश : कर्बोदक आहे की नाही एवढेच सांगते, जांभळे कडे येते. संहत सल्फ्युरिक आम्ल शिक्षकांच्या देखरेखीशिवाय हाताळू नका.
- बेनेडिक्ट : ५ मिलिलिटर द्रावणात ८ थेंब नमुना, उकळत्या पाण्यात ३ ते ५ मिनिटे. निळ्यापासून हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी असा रंग साखरेच्या प्रमाणानुसार येतो. द्राक्षरस विटकरी होतो. साखरेचे पाणी निळेच राहते, कारण सुक्रोज क्षपणक नाही. त्याच साखरेच्या पाण्यात थोडे विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालून उकळा, खाण्याच्या सोड्याने आम्ल मारा आणि पुन्हा चाचणी घ्या. आता विटकरी रंग येतो. द्राक्षाच्या मण्यात इन्व्हर्टेज जे करते, तेच तुम्ही नळीत केलेले असते.
- बारफोड : एकशर्करा दोन-तीन मिनिटांत तांबडा साका देते. जास्त उकळले तर द्विशर्कराही फुटते आणि निष्कर्ष चुकतो.
- सेलिवानॉफ : फ्रुक्टोजमुळे पटकन लालभडक रंग येतो. द्राक्षरसात येतो, नुसत्या ग्लुकोजमध्ये लवकर येत नाही. सुक्रोजमध्येही येतो, कारण चाचणीच्या द्रावणातले आम्ल सुक्रोज फोडते.
- आयोडीन : पेज निळी-काळी होते, पिकल्या द्राक्षाचा रस होत नाही.
- ओसाझोन : ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोघांचेही स्फटिक सारखेच सुईसारखे येतात. या चाचणीने त्यांना वेगळे करण्याचा प्रयत्न करू नका.

एक मर्यादा स्पष्ट समजून घ्या. रसात साखरेचा पाक मिसळला आहे का, हे या चाचण्यांनी सिद्ध करता येत नाही. रस मुळातच क्षपणक असतो आणि फोडलेला पाक म्हणजेही ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच. उसाची भेसळ पकडायला कार्बनच्या समस्थानिकांचे गुणोत्तर मोजावे लागते, कारण ऊस आणि द्राक्षवेल हवेतला कार्बन वेगवेगळ्या मार्गाने साखरेत बांधतात.

प्रयोगशाळेचा अहवाल कसा वाचावा?

- टीएसएस किंवा ब्रिक्स : विरघळलेले सगळे.
- क्षपणक शर्करा : ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मिळून. बहुधा फेहलिंगच्या द्रावणाने, लेन-एनॉन पद्धतीने काढतात.
- एकूण शर्करा : नमुना आम्लाने फोडून पुन्हा मोजलेली शर्करा.
- सुक्रोज : एकूण वजा क्षपणक, गुणिले ०.९५. ताज्या पिकल्या द्राक्षात हा आकडा अगदी लहान हवा; मोठा आला तर नमुना, पद्धत किंवा मिसळ यांबद्दल विचारा.
- एकक : १०० ग्रॅममागे की १०० मिलिलिटरमागे? २० ब्रिक्सचा रस पाण्याहून जड असतो; १०० ग्रॅममागचे २० म्हणजे १०० मिलिलिटरमागे सुमारे २१.६. एकक न पाहता दोन अहवाल शेजारी ठेवू नका.

नमुना देताना रस गरम गाडीत तासन्‌तास ठेवू नका. यीस्ट कामाला लागते आणि साखर खाते. अख्खे घड थंड पेटीत पाठवणे चांगले.

नेहमी होणाऱ्या चुका

- नुसत्या रंगावरून तोडणी ठरवणे.
- घड जास्त ठेवून गोडीची वाट पाहणे. पानांची कमाई ठरलेली असते, ती जास्त मण्यांत वाटली जाते.
- तोडणीच्या तोंडावर वजनासाठी भरपूर पाणी देणे; मणी फुगतो, रस पातळ होतो.
- एका मण्यावर सौदा करणे.
- चहा किंवा गोड खाल्ल्यावर चव घेऊन निर्णय करणे.

तुमचे हक्क

*बागायतदार म्हणून*

- नमुना तुमच्या समोर आणि ठरलेल्या रीतीने घेण्याचा आग्रह धरा. घेणाऱ्याच्या मीटरवर पाण्याचा थेंब टाकून शून्य पाहायला मागा. यात अपमान वाटून घेण्याचे कारण कोणालाही नाही. वजनकाटाही आपण असाच तपासतो.
- सौदापावतीवर दर, ब्रिक्सची अट, नमुन्याची पद्धत, तोडणीची तारीख आणि पैसे देण्याची मुदत लिहून घ्या. तोंडी अट वादात टिकत नाही. व्यापाऱ्याकडे बाजार समितीचा परवाना आहे का, तेही पाहा.
- मतभेद झाला तर एकाच चिरडलेल्या रसाचे दोन भाग करा, दोघांच्या मीटरवर मोजा. तरीही जुळले नाही तर दोघांच्या सह्यांचा नमुना प्रयोगशाळेत द्या.
- प्रयोगशाळेला विचारा : एनएबीएलच्या मान्यतेत ही चाचणी समाविष्ट आहे का? अहवालावर वापरलेली पद्धत आणि एकक लिहिलेले असायला हवे. लक्षात ठेवा, अहवाल दिलेल्या नमुन्यापुरता असतो. प्लॉटची हमी तुमच्या नमुना घेण्यातून येते.

*ग्राहक म्हणून*

- अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार कोणताही खरेदीदार शुल्क भरून विकत घेतलेला पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. अट एवढीच, की खरेदीच्या वेळी विक्रेत्याला तसे सांगावे लागते. अहवालात कायद्याचा भंग आढळला तर शुल्क परत मिळण्याची तरतूद आहे.
- पॅकबंद ज्यूस घेताना पोषण तक्त्यात कर्बोदके, एकूण शर्करा आणि वरून घातलेली शर्करा अशा तीन वेगळ्या ओळी पाहा. २०२० च्या लेबलविषयक नियमांनी त्या आवश्यक केल्या आहेत. फळात मुळातच शर्करा असते, त्यामुळे एकूण शर्करा शून्य कधीच नसेल; वरून घातलेली किती, हे पाहून ठरवा.

या हंगामात काय कराल?

मण्यात पाणी उतरल्यापासून दर आठवड्याला आणि तोडणी जवळ आली की दर तीन दिवसांनी प्रत्येक प्लॉटची एक ओळ लिहा : तारीख, तापमान, ब्रिक्स, आम्लता, गुणोत्तर. व्यापारी बांधावर येईल तेव्हा त्याच्या एका आकड्यासमोर तुमची अशी भरलेली वही असू द्या. ब्रिक्स वाढायचा थांबला आहे की अजून चढतो आहे, आठवडाभर थांबणे परवडेल की नाही आणि दर पाडून मागणाऱ्याला नाही म्हणायचे का, हे त्या ओळींवरून तुम्ही स्वतः ठरवू शकाल.